पाण्याखालच्या घराचं दार

घोड नदीवर धरण झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. लोक वरच्या माळावर नव्या गावठाणात राहायला आले. त्यानंतर काही वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला. धरण आटत गेलं आणि जुनं गाव परत वर आलं. आधी देवळाचा चौथरा दिसला, मग विहिरीचं तोंड, मग शाळेच्या पायऱ्या. सर्वांत शेवटी, अगदी नदीकाठची पांढर उघडी पडली.

पांढर म्हणजे पांढुरक्या मातीचं टेकाड. धाब्याच्या घरावर घालायला ही माती चांगली, म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेली होती. टेकाड कमरेएवढंच उरलं होतं. माती नेताना रंगीत खापरं निघत आणि पोरी त्यांच्या ठिकऱ्या करून खेळत. आपल्या आधी इथं कुणीतरी राहून गेलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षांत नदीच्या खालच्या अंगाला इनामगावला उत्खनन चालू होतं. आमची पांढर उघडी पडल्याचं कळल्यावर पुण्याहून अभ्यासकांची एक छोटी तुकडी आली. तिचे प्रमुख पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मजूर त्यांना मोठे साहेब म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मजुरांना गोल बसवून सांगितलं, “समुद्रात बुडालेली जुनी शहरं शोधायला माणसं पाठीवर हवेची नळकांडी बांधून खाली उतरतात. आपल्याला तसलं काही करायचं नाही. इथं पाणीच बाजूला झालंय. पण ज्येष्ठात ते परत येईल. तेवढ्या दिवसांत जे दिसेल ते आपलं.”

मी तेव्हा दौंडला राहून पुण्याच्या एका दैनिकासाठी बातम्या पाठवत होतो. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या गाडीनं जाई. जे पाहिलं ते लिहायचं, आपण मध्ये यायचं नाही, ही पहिली शिकवण. उत्खननाच्या बातमीत मात्र एक अडचण होती. त्या मजुरांत माझी आई होती.

आमच्या बौद्धवाड्यातल्या तीन बायका कामावर होत्या. त्याआधी त्या दुष्काळी कामावर खडी फोडत. उत्खननावर रीत ठरलेली होती. गडी खड्ड्यात खणणार, बाया काठावरून मातीच्या पाट्या वाहणार. मुकादम बागायतदाराच्या घरचा होता आणि सगळे त्याला आप्पा म्हणत. ही रीत त्याचीच.

ती दुसऱ्या आठवड्यात मोडली. आई पाटी उचलत असताना खाली खड्ड्यात कुदळीचा घाव पडला. आई काठावरून ओरडली, “थांबा! आवाज बदलला. खाली भुई हाय.” गड्यानं हात थांबवला. साहेबांनी खाली उतरून कुंचल्यानं माती झाडली. खरोखर चोपलेली जमीन होती. ते आईला म्हणाले, “बाई, उद्यापासून तुम्ही खाली. खुरपं घेऊन या.”

आप्पाला हे रुचलं नाही. “पाटीवाली खड्ड्यात आन् पैलवान पाटीवर! चांगलं राज्य आलं.”

आई म्हणाली, “आप्पा, पैलवानाला दुखायला लागलं तर सांगा. मी वर येऊन मान चोळून दीन.”

त्यावर गडीच आधी हसले. बाकीच्या दोघींनाही खाली घ्यायचं की नाही, हे साहेब आईचं काम पाहून ठरवणार होते. तसं त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे आई चुकली तर तिघीही परत पाटीवर, आणि आप्पाचं ऐकायचं ठरलं तर परत खडीवर.

तीन आठवड्यांत चौकोनी घराची जमीन अर्ध्याहून अधिक मोकळी झाली. मधोमध चूल होती, कोपऱ्यात धान्याच्या कणगीचा मातीचा ओटा. साहेबांच्या अंदाजानं घर तीन हजार वर्षांपूर्वीचं. ही जमीन पाहायला पुण्याहून काही विद्वान आणि छायाचित्रकार येणार होते. ते येणार त्या दिवशी सकाळी मीही दौंडहून एसटीनं पोहोचलो.

खड्ड्याभोवती सगळे उभे होते. आई खाली उकिडवी बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते. निम्मी जमीन तिनं सारवून टाकली होती.

काय झालं ते तिनं नंतर जसं सांगितलं तसं लिहितो. पाण्यातून वर आलेली जमीन उन्हानं तडकत होती. पाहुणे येणार, हे तिनं आदल्या दिवशी ऐकलं. पाहुणे यायच्या दिवशी जमीन पोपडे धरलेली राहू द्यायची, हे तिला जमेना. जनावरं सगळी छावणीत होती. ती पहाटे तिथं जाऊन शेण घेऊन आली. डबक्यातलं पाणी घेतलं, पांढरीचीच माती कालवली आणि आतल्या भिंतीपासून सारवायला सुरुवात केली. निम्म्यावर आली तेव्हा आप्पानं पाहिलं.

आप्पा साहेबांना म्हणाला, “मी म्हनलो नव्हतो? बायांचं काम काठावर. तीन हजार वर्सं टिकलं, ते हिनं एका सकाळी संपवलं.”

साहेबांचा चेहरा पडला होता. ते रागावले नाहीत, हे अधिक वाईट होतं. “बाई, आपल्याला ती जमीन जशीच्या तशी हवी होती. तीन हजार वर्षांपूर्वी या घरातल्या बाईनं सोडली तशी. आता तिच्यावर तुमचा थर बसला.”

“चुकलं,” आई म्हणाली. तिनं हात पदराला पुसले नाहीत, तसेच अधांतरी धरले. “पण साहेब, मी तिच्यावरनंच हात फिरवला. तिची बोटं जशी गेलीत तशीच माझी गेली.”

“कुणाची बोटं?”

आईनं न सारवलेल्या भागाकडे बोट दाखवलं. एका जागी वरचा पोपडा निघाला होता आणि त्याखाली दुसरा थर दिसत होता. त्यावर बारीक समांतर रेघा होत्या, पंख्यासारख्या वळलेल्या. साहेबांनी त्या पाहिल्या नव्हत्या असं नाही. त्यांच्या वहीत ‘पृष्ठभागावर रेषा’ अशी नोंद होती. ते गुडघ्यांवर बसले.

“ही चार बोटं,” आई म्हणाली. “सारवणारी बाई भिंतीपासनं निघती आन् मागं मागं सरकत दाराकडं जाती. न्हाई तर स्वतःच्याच ओल्यावर पाय पडंल. हात फिरतो तो असा, अर्ध्या गोलात. पाठ दाराकडं. हिची पाठ मावळतीकडं हाय.”

साहेब म्हणाले, “म्हणजे दार पश्चिमेला?”

“तिकडंच. ती तिकडनं बाहेर गेली.”

हे साधं विधान नव्हतं. दार नदीकडं, पूर्वेला असणार असं धरून साहेबांनी शेवटच्या तीन दिवसांचं काम पूर्वेच्या बाजूला आखलं होतं. वर घाटात पाऊस लागल्याचा आणि नदीला पाणी येत असल्याचा निरोप आला होता. दोन्ही बाजू खणण्याइतका वेळ नव्हता.

आप्पा म्हणाला, “आता दारबी हीच दावणार व्हय? मग आतल्या बाईला हाक मार, पाव्हण्यांना च्या ठेव म्हणावं.”

“ठीव म्हणती,” आई म्हणाली, “पण मुकादमाला देऊ नको म्हणती.”

पण या वेळी ती हसत नव्हती. दार निघालं नसतं तर जमीनही तिनं घालवली आणि वेळही, असंच झालं असतं. बाकीच्या दोघी काठावर पाट्या पालथ्या घालून बसल्या होत्या आणि तिच्याकडे पाहत होत्या.

साहेबांनी बराच वेळ रेघा पाहिल्या. पालथा हात जमिनीलगत धरून त्यांनी स्वतः तो अर्धगोल हवेत फिरवून पाहिला. मग उठले आणि आखणीच्या दोऱ्या काढून पश्चिमेला बांधायला सांगितल्या. पाहुणे आले तेव्हा त्यांना सारवलेलं निम्मं घर दाखवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या बाजूला एक खांबाची खोबण सापडली. एका खांबानं दार ठरत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दीड हातावर दुसरी खोबण निघाली आणि दोन्हींच्या मधोमध एक चपटा दगड. आईनं खुरप्यानं त्याच्या कडा मोकळ्या केल्या, पाण्यानं धुतला. दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. पायांनी.

साहेब म्हणाले, “उंबरा.”

आप्पा खड्ड्यात उतरला. त्यानं दगडावरून हात फिरवला, टोपी मागं सरकवली आणि वर पाहून ओरडला, “ए, त्या दोघींना पाट्या खाली ठिवायला सांगा. खुरपी द्या त्यांना. दिवस किती राह्यलेत!”

दोन दिवसांनी छायाचित्रं आणि मोजमापं झाल्यावर जमिनीवर वाळू पसरून ती झाकली. चार दिवसांत पाणी टेकाडावर चढलं. ते घर आजही खाली आहे. दाराची दिशा कागदावर आहे आणि ती बरोबर आहे.

मी बातमी पाठवली. मी लिहिलं होतं की, ‘एका महिला मजुराने जमिनीवरील सारवणाच्या खुणांवरून दाराची दिशा ओळखली.’ ती जमीन त्याच मजुरानं निम्मी सारवून टाकली होती, हेही लिहिलं. नातं लिहिलं नाही. छापून आल्यावर घरी जाऊन आईला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “चुकीचंबी घातलंस?”

“घातलं.”

“बरं केलंस. न्हाई तर लोक म्हनले असते, पोरानं आईचं कौतुक लिवलं.” मग तिनं विचारलं, “माझं नाव न्हाई व्हय त्यात?”

“नाही.”

“असू दे. तिचं तरी कुठं ठाव हाय!”

नव्या गावठाणातल्या आमच्या घराची जमीन तिनं त्याच दिवशी सारवली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून पाहिलं. ती पाठ दाराकडं करून मागं मागं येत होती आणि तिचा हात पंख्यासारखा फिरत होता. ते मी आयुष्यभर पाहत आलो होतो आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी तिघींना इनामगावच्या कामावर बोलावलं. पहिल्या सकाळी तिथल्या मुकादमानं सवयीनं आईच्या हातात पाटी दिली. तिनं ती काठावर ठेवली, कमरेचं खुरपं काढलं आणि शिडीनं खाली उतरली.