बोअरचे दात

मी माझे सहा धडधाकट दात घासून बारीक करून घेतले. कुणी धरून नेलं नव्हतं. स्वतःच्या पायांनी गेलो, खुर्चीत आडवा झालो आणि आ केला.

दात डागी होते, हे खरं. तपकिरी, मधेच खडूसारखे पांढरे पट्टे. पण मजबूत. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून आणलेला ऊस मी कोयत्याशिवाय सोलायचो. आमच्या सगळ्या वस्तीचे दात तसेच. आमचं गाव निमोण्याच्या पलीकडं, आणि आमची वस्ती गावाच्याही पलीकडं, माळावर. गावाला नदीच्या पाण्याची टाकी. आम्हाला बोअर. गावातले लोक आम्हाला नावानं हाक मारायचे नाहीत. बोअरचे दात आले. बोअरचे दात गेले.

माझा धंदा तोंडाचा. लग्नात, सत्काराला, वाढदिवसाला माईक धरायचा. निवेदक म्हणतात आम्हाला. कुणाचं नाव आधी घ्यायचं आणि कुणाचं नंतर, हे मला झोपेतही पाठ. आमच्याकडं नाव घ्यायचं राहिलं तर पाहुणा अक्षता पडायच्या आत गाडीत जाऊन बसतो. मंगलाष्टकं पण मीच म्हणायचो. आवाज बरा होता. बरा काय, चांगला होता. आता सांगायला काय जातंय.

गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनच्या मुलीचं लग्न यवतला, हायवेच्या कार्यालयात होतं. माईक माझ्याकडं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे स्क्रीन. मी "सुस्वागतम्" म्हणालो आणि कॅमेरावाल्यानं कौतुकानं माझंच तोंड स्क्रीनवर टाकलं. एकेक दात दाराएवढा. चेअरमन स्टेजवर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले,

"ए कॅमेरा, त्याचं तोंड काढ तिथनं. माझ्या लेकीच्या लग्नात बोअरचं दात कशाला? आवाज ऱ्हाऊ दे."

माईक चालू होता.

अख्खं कार्यालय हसलं. पाहुणे हसले, वाढपी हसले, नवरदेव हसला. आणि मी? मी पण हसलो. हसलो तेव्हा ते सगळे दात पुन्हा स्क्रीनवर आले. लोक आणखी हसले.

बाकीचं लग्न मी पडद्यामागून लावलं. जनरेटरच्या शेजारी, जिलबीच्या पाट्यांजवळ उभा राहून. नुसता आवाज.

माझी आई बायकांत बसली होती. ती चेअरमनच्या वावरात शेवंती तोडायला जायची, म्हणून आमंत्रण. परत येताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "जलमलास तवा तुला दात न्हवतं. हे हितल्या पाण्यानं दिलं. त्यात तुझा काय गुन्हा?"

मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात स्क्रीन होता.

आठ दिवसांनी शिरूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी आरसा घालून सगळं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "दात किडलेले नाहीत. लहानपणी दात तयार होत असताना पाण्यातून फ्लोराईड जास्त गेलंय, त्याचे हे डाग. ही घाण नाही. पाणी कुठलं प्यायचात?"

"बोअरचं."

"गावात सगळे तेच पितात?"

"न्हाई. गावात टाकी हाय."

"मग तुमच्याकडे का नाही आलं ते पाणी?"

मी म्हणालो, "मॅडम, दातांचं बोला."

एवढा मोठा सवाल बाईंनी फुकटात टाकला होता माझ्यासमोर. मी तो पायानं बाजूला सारला.

मग त्यांनी शांतपणे एकेक उपाय सांगितला. वरचा थर अगदी हलका घासून डाग फिके करता येतात. ब्लीचिंग असतं, पण त्यानं माझे पांढरे पट्टे जास्तच उठून दिसतील. दाताच्या रंगाचा लेप बसवता येतो. व्हीनियर असतं, म्हणजे पुढच्या बाजूला चिकटवायचा चिनीमातीचा पातळ पापुद्रा. आणि सगळ्यात शेवटी कॅप. त्यासाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो.

"तुम्हाला पहिला उपाय पुरेल," त्या म्हणाल्या.

फिके? मला फिके नको होते. पापुद्राही नको होता. मी म्हणालो, "टोपीच घाला. अख्खी."

"घासलेला दात परत वाढत नाही हो. चांगला दात मी घासणार नाही."

मला वाटलं, ही पण चेअरमनच्याच बाजूची. उठलो आणि दौंडची गाडी धरली. तिथं एका दवाखान्याबाहेर हसऱ्या बाईचा भलामोठा बोर्ड होता. ज्याला खरं ऐकायचं नसतं, त्याला असा बोर्ड बरोबर सापडतो.

आतल्या डॉक्टरनं नकली दातांची एक पट्टी पुढं धरली. पिवळसर दातापासून पांढऱ्याफेक दातापर्यंत, ओळीनं. मी शेवटच्या दातावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "हा जास्तच पांढरा वाटेल."

मी म्हणालो, "लांबनं दिसला पायजे. स्क्रीनवर."

घासून झाल्यावर मी आरसा मागितला. तोंडात सहा बारीक खुंट. बाजरी कापल्यावर वावरात धसकटं राहतात, तसे. मी खुर्चीतून उठायला गेलो. पण आता मागं फिरायला दात कुठं होते?

कॅप बसल्या. सांगितलं गेलं, ऊस सोलायचा नाही. ऊस! आमच्या भागात राहून! आणि कॅप जाड झाल्या होत्या. 'स' म्हणालो की शिट्टी. 'श' म्हणालो की दुसरी. "सवय होईल," डॉक्टर म्हणाला. पोरांना झाली. मी "शुभमंगल सावधान" म्हणालो की मागून आवाज यायचा, "दोन शिट्ट्या झाल्या, भात उतरवा!"

चेअरमननं माझा आवाज ठेवला होता. तो मी घालवला.

घरी आलो तर आईनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "आरं, संडासच्या फरशीवानी दिसत्यात!" आणि हसत सुटली. डोळ्याला पदर लावून, सगळे तपकिरी दात दाखवत, खदाखदा. आईचं हसणं तसंच होतं. मला तेव्हा त्याचा राग आला.

आता जे सांगतो त्यात गंमत नाही.

त्याच वर्षी आमच्या दोन खोल्यांची वास्तुशांत झाली. सगळ्यांना दाराशी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "हसा." आई हसली. मी माझे पांढरे दात पुढं काढून उभा. आणि मान वळवून मी तिला म्हणालो, "आई, तोंड मीट."

तिनं मिटलं. लगेच. जसं चेअरमनच्या वावरात मुकादमानं सांगितलेलं ऐकायची, तसं.

त्या दिवसानंतर आई माझ्यासमोर हसताना तोंडाला पदर लावायला लागली. माझ्यासमोर. पोटच्या पोरासमोर. बरं वाटायचं मला, खोटं कशाला सांगू?

पुढच्या उन्हाळ्याच्या आत आई गेली. छातीत कळ आली म्हणाली आणि शिरूरला पोचायच्या आत गेली. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं आणि तोंडावर पदर. तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधला. सगळे मोबाईल, सगळे अल्बम बघितले. हसणारा एकही नाही. होता तो वास्तुशांतीचा, ओठ घट्ट मिटलेला. फ्लेक्सवर तो मोठा झाला. माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, "ही कोण?"

मुलीचे पुढचे दोन नवे दात तेव्हाच आले होते. मी वाकून बघितले. तपकिरी. मधे खडूसारखा पट्टा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं मला त्या वेळी ऐकू आलं. वर्षभरानं. नदीच्या पाण्याचा पाईप टाकीपासून चेअरमनच्या शेवंतीपर्यंत येतो. आई जिथं फुलं तोडायची तिथपर्यंत. शेवंतीच्या शेवटच्या सरीला त्याला टोपण बसवलंय. तिथून आमची वस्ती दिसते.

आमच्या भागात दशक्रियेला पुढारी येतात. घाटावर माईक असतो. निवेदक मानाप्रमाणं नावं पुकारतो आणि एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. हे काम मी शंभर वेळा केलंय. त्या दिवशी घोडनदीच्या काठावर माझ्याच धंद्यातला एक मित्र माईकवर होता. मी मुंडण करून बसलो होतो. चेअरमन आले, पुढं बसले. मित्रानं चिठ्ठी उघडली. पहिलं नाव त्यांचंच.

मी उठलो आणि त्याच्या हातातून माईक घेतला. म्हणालो, "चेअरमनसाहेब बोलणार नाहीत."

'साहेब'ला शिट्टी वाजली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमन बसल्या जागी म्हणाले, "काय म्हणतोय त्यो? दात बसवल्यापासनं कळतच न्हाई ह्याचं."

लोक हसले. मी नाही हसलो. या वेळी नाही.

मी शब्द निवडले. 'स' नको, 'श' नको. म्हणालो,

"पाणी वरती आणा. मग माईक मागा."

एकही शिट्टी नाही. नदीच्या पलीकडं ऐकू गेलं असेल.

चेअरमन उठून गेले. त्यांच्यामागं निम्मा घाट उठला. तेव्हापासून त्यांच्या माणसांची लग्नं मला मिळत नाहीत. नकोत. पाईपचं टोपण निघून वस्तीवर नळ येईपर्यंत त्या माणसाचं नाव माझ्या तोंडातून माईकवर येणार नाही. लग्नात नाही, सत्कारात नाही, मयतीत नाही. पाण्याचा अर्ज मी प्रत्येक ग्रामसभेत उभा राहून वाचतो. अर्जात 'स' भरपूर आहेत. वाजू देत. आणि माझ्या मुलीला कुणी तोंड मिटायला सांगितलं, तर तिथंच उभा राहीन.

पण त्या दिवशी शेवटचं बोलणं माझं नव्हतं. निम्मा घाट रिकामा झाल्यावर मी गोदाक्काला हाक मारली. वीस वर्षं आईच्या शेजारच्या सरीत शेवंती तोडणारी बाई. तिच्या हातात कधी कुणी माईक दिला नव्हता. तिनं तो मुसळासारखा धरला. फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही आमची न्हवं," गोदाक्का म्हणाली. "आमची हसायची. वावरात हसली का बांधावर ऐकू यायचं. चेअरमननं ह्याला तोंड झाकाया लावलं, आन् ह्यानं आईला. दोघं बी येकाच मापाचं. घे तुझा भोंगा."