माळ्यावरची सूडी

पॉपलर कड्यावरच्या माणसांना तुम्ही कोण असं विचारलं, की उत्तर एकच यायचं: पोर्तुगीज. पोर्तुगाल कुणी पाहिला नव्हता, आणि नकाशा पुढे टाकला असता तर निम्म्यांनी बोट समुद्रात ठेवलं असतं. पण ओर्लीना बोलिनच्या पणजोबाने कोर्टात बायबलवर हात ठेवून हेच सांगितलं आणि मताचा हक्क मिळवला, जमीन राखली. टेनेसीच्या त्या डोंगरात गोरा नाही तो काळा, अशी सरळ वाटणी होती. मधल्या रंगाच्या माणसाला पोर्तुगाल ही एवढीच पळवाट. ती बुजू नये म्हणून बायका भर जुलैत तंबाखूच्या शेतात हातमोजे घालून, टोपडं कपाळावर ओढून राबायच्या. ऊन लागलं की रंग बोलतो, असं ओर्लीनाची आई म्हणायची.

सूडी म्हणजे ओर्लीनाच्या बापाची आई. तिचा रंग उन्हाची वाट बघत बसणारा नव्हता. दारात परकं माणूस दिसलं की ती शिडी चढून माळ्यावर जायची. जा असं तिला कुणी म्हणत नसे. म्हणायची वेळच येत नसे, आणि मला विचाराल तर तेच जास्त वाईट. पाहुणे उठेपर्यंत ती वर अंधारात बसायची. काही हवं असलं तर फळीवर दोन ठोके द्यायची. पाहुणा वर बघायचा, आणि आई म्हणायची, "खारी आहेत हो. फार माजल्यात."

ओर्लीना लहान असताना एका रविवारी नवे पाद्री जेवायला आले. वर दोन ठोके पडले. थोड्या वेळाने पुन्हा दोन. "खारी," आई म्हणाली आणि पाद्र्यांना घेवडा वाढला. ते तृप्त होऊन गेले, तेव्हा माळ्यावर सूडी गार पडली होती. तिला घरच्या थडग्यांत नाही, मागे देवदारांत पुरलं. कड्यावर प्रत्येक थडग्यावर लहानसं छप्पर घालतात, मेलेलं माणूस पावसात भिजू नये म्हणून. सूडीला तेही मिळालं नाही. छप्पर दिसलं की वाटसरू विचारतो, हे कुणाचं?

मेल्यावर ठोके थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. परकं माणूस पानावर बसून मूळ विचारायचं, कुणीतरी पोर्तुगीज म्हणायचं, की वर दोन ठोके पडायचे. बापाने माळा पाडला, शिडी चुलीत घातली, वर नवा पत्रा ठोकला. मग ठोके जुन्या माळ्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत पडू लागले, आणि आवाज मात्र लाकडाचाच यायचा. घरात सगळ्यांना ऐकू येई. बोलायचं कुणीच नाही. ओर्लीनाने त्यावर सोपा उपाय काढला: आयुष्यभर परक्याला जेवायला बोलावलंच नाही.

पण नातीचं लग्न ठरलं, तेव्हा हा उपाय थकला. केन्झी ओहायोत नोकरीला होती, पोटात चार महिन्यांचं मूल होतं, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, निकच्या आईला आजीचं घर बघायचंच होतं. मे महिन्यात थडगी सजवण्याच्या रविवारी तिघं गाडीतून उतरली. निक अबोल होता. आई असली की त्याला बोलायला जागा उरत नसावी. ही आई, लॉरेन, इटालियन होती. म्हणजे आजोबा तिकडून आले, ती आणि तिचा बाप इथेच जन्मले, आणि तिला तीन इटालियन शब्द येत, तिन्ही खाण्याचे. गाडीवर दोन्ही देशांचे झेंडे.

"आम्ही इटालियन मोठ्याने बोलतो, वाईट वाटून घेऊ नका," ती बसता बसता म्हणाली.

ओर्लीनाला तिचा हेवा वाटला. नवा दागिना मिरवावा तसं मूळ मिरवत होती बाई.

ओर्लीनाने मक्याची भाकरी तोडून वाढली. बाहेर लख्ख ऊन होतं, घरात मात्र गारठा चढत होता.

"पण तुम्ही लोक कोण, आजी?" लॉरेनने विचारलं. "केन्झीचे नाकडोळे बघून मी निकला म्हटलं होतं, ही आपल्यातलीच असणार."

ओर्लीनाने तोंड उघडायच्या आत केन्झी म्हणाली, "आम्ही पोर्तुगीज. आजीच सांगते की नेहमी."

दोन ठोके पडले.

"वर कोण राहतं?" लॉरेनने मान वर केली. वर नुसतं आढं होतं.

केन्झी हसली. "खारी आहेत हो. फार माजल्यात."

ओर्लीनाच्या हातातली भाकरी खाली पडली. हे वाक्य तिने केन्झीला कधी शिकवलं नव्हतं. आणि आवाज केन्झीचा नव्हता. तो ओर्लीनाच्या आईचा होता, चाळीस वर्षांपूर्वी पुरलेला. केन्झीला त्याचा पत्ताही नव्हता. ती घेवडा वाढून घेत होती.

"चला, म्हणजे नातवंड अर्धं इटालियन, अर्धं पोर्तुगीज," लॉरेन म्हणाली. "खाण्याची चंगळ आहे त्याची."

पुन्हा दोन ठोके पडले, या वेळी थेट केन्झीच्या डोक्याच्या वर, हवेत. तिचा हात पोटावर गेला. ओर्लीना घाबरली, पण सूडीला नाही. ती त्या पोरीच्या तोंडून निघालेल्या आवाजाला घाबरली.

"केन्झी, मूल सूडीच्या रंगाचं झालं, तर त्याला कुठे लपवशील?"

"कोण सूडी, आजी?"

"माझी आजी. काळी होती. घरात पाहुणे आले की वर बसायची, आणि आम्ही तिला खार म्हणायचो. तशीच मेली." मग ती लॉरेनकडे वळली. "आम्ही पोर्तुगीज नाही, बाई. कोण आहोत ते मलाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते सांगून गेले नाहीत. अमेरिकन आहोत, पण तेवढ्यावर इथे कुणाचं समाधान होतं? अमेरिकन म्हटलं की विचारतात, ते झालं, पण मूळचे?"



मग शिडी करकरली. शिडी नव्हतीच तिथे, पण एकेक पायरी करकरत होती, म्हातारं माणूस दोन्ही पाय एका पायरीवर टेकून उतरतं तशी. शेवटची पायरी झाली. पावलं जमिनीवर आली आणि टेबलापाशी थांबली. निकने आईचा दंड धरला.

केन्झीचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलले, आणि कुठला आवाज येतो म्हणून ओर्लीना श्वास धरून बसली.

"इथे बसा," केन्झी म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, थरथरणारा. तिने शेजारची खुर्ची बाहेर ओढली.

खुर्चीवर भार पडला. लॉरेन कडेला सरकली आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली, "यांना काय म्हणायचं मी?"

"सूडी," ओर्लीना म्हणाली. "नावानेच हाक मारा."