देश राखणारे जावई

ये गं, अशी जवळ बस. तो फोन ठेव आधी. मँचेस्टरहून मेडनहेडला यायला तुला वर्ष लागतं होय? घरात एवढं घडलं, तेही मावशीनंच बोलावून सांगायचं!

आमचे जावई पोलंडचे, तुला ठाऊकच आहे. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवर काम करणारा शांत माणूस. एकदा जेवताना म्हणाले, सुट्टी काढून पोलंडला जातो, सैनिकी ट्रेनिंग घ्यायला. आपणहून हं, कुणी बोलावलं नव्हतं.

लेक म्हणाली, "तुला बाथरूममधला कोळी मारवत नाही. बंदूक काय धरणार?"

ते हसले आणि मला समजावत बसले. "आई, आमच्याकडे हा फार जुना विचार आहे. देश ज्याचा, त्यानंच तो राखायचा. पूर्वी राजा निवडायचा मान सरदार-उमरावांना, म्हणून हाक आली की घोड्यावर बसायचं तेही त्यांनीच. पुढे शेतकरी गवत कापायची लांब पाती दांड्याला उभी ठोकून लढायला उतरले, तेव्हा देश त्यांचाही झाला. लढणं पगारी सैन्यावर सोडून जो नुसता टॅक्स भरतो, तो आपल्याच देशात भाडेकरू."

मी पोळी वाढली. मनात आलं, मीही इथे मत देते, पण बदल्यात माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. याचं बरं वाटावं की वाईट? मला काहीच वाटलं नाही बघ.

निघायच्या दिवशी हातावर दही द्यायचं, तर फ्रिजमध्ये फक्त स्ट्रॉबेरीचं योगर्ट. तेच घातलं.

त्यांनी चाटलं. "आई, हे शास्त्रात बसतं का?"

लेक हसली नाही.

परत आले ते पायाला फोड घेऊन. लेक नर्सच, तिनं खाली बसून पट्ट्या बांधल्या. मान वर न करता विचारलं, "उद्या खरंच लढाई झाली आणि बोलावलं, तर?"

"जाईन."

तिनं पट्टी पुरी केली, हात धुतले, ड्यूटीला गेली.

भांडण नाही, रडणं नाही. ती जास्तीच्या शिफ्ट घेते, ते रविवारी बूट पुसतात, मी चहा टाकते. तिघंही चहा गार करून पितो. मी विचारलं तर "काही नाही गं आई" म्हणते. तुझ्याशी बोलेल ती, लहानपणापासून बोलते. येत्या शनिवारी तिला सुट्टी आहे. पुन्हा ये, राहायलाच ये.