मखरातून उठलेल्या यमुनाबाई

शिरपूरला लेकीकडे होते, तिथे निरोप आला: यमुनाबाई गेल्या. विहिरीवरून घागर आणली, छातीत कळ आली, आणि दारात बसल्या त्या बसल्याच. महिना होऊन गेला, पण माझा अजून विश्वास बसत नाही. लोणच्यातल्या मिठावरून आमचं नणंद-भावजयीचं भांडण चाललेलं; ते अर्धं टाकून जाणाऱ्या त्या नव्हत्या.

मला आई नव्हती, म्हणून लग्न होताच मी आसेगावात सासरी आले. मी दहाची, त्या तेराच्या, उंचीला सारख्या. दोन वर्षांत मी त्यांच्या डोक्यावरून पाहू लागले, त्या मात्र तेवढ्याच राहिल्या. मान आखूड नि रुंद, केस मानेवर पार खाली उतरलेले, हात सरळ सोडले की कोपरापासून बाहेर वळायचे. छाती भरली नाही, न्हाण आलं नाही. डोकं मात्र असं तल्लख, की साऱ्या गावाची सोयरीक तोंडपाठ! कुणी नजर म्हणे, कुणी करणी. फार पुढे अकोल्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हे जन्मापासूनचंच आहे, बाहेरचं काही नाही.

त्यांचं लग्न नवव्या वर्षीच धनजला झालेलं. न्हाण आल्यावर नांदायला जायचं. सोळावं सरत आलं तसा सासरचा निरोप आला, "आता नाही पाठवली त् आमी दुसरी करतो." नेमकं तेव्हाच मला न्हाण आलं. सासूबाईंनी माझं डागाळलेलं लुगडं उचललं, मला गप्प राहायची शपथ घातली आणि गावभर सांगितलं, माझी लेक शहाणी झाली! धनजच्या बायकांना ते लुगडं दाखवलं. न्हाणाचं मखर सजलं, यमुनाबाई हिरव्या लुगड्यात बसल्या. त्यांची सासू ओटी भरायला वाकली, तशा त्या ताडकन उठल्या.

"मामी, ते लुगडं माहं नाही. वहिनीचं आहे. मले काहीच आलं नाही."

"काय बोलून राह्यली, पोरी!" माझ्या सासूबाई ओरडल्या.

"खरं बोलून राह्यली. उद्या तिकडं गेल्यावर काय सांगू यायले?"

आणि माझा हात धरून त्यांनी मला मखरात बसवलं...

धनजच्या बायका न जेवता गेल्या. महिन्याभरात नवऱ्याने दुसरी केली. यमुनाबाई गोठ्यात जाऊन पोटभर रडल्या. मी तोंड उघडलं नव्हतं, त्याची लाज मला आजही वाटते.

पण कुढत बसतील तर त्या यमुनाबाई कसल्या! घरातली बाई बाजूला बसली की चार दिवस चूल कोण पेटवणार, हा घरोघरचा प्रश्न. यांना तर बाजूला बसणं ठाऊकच नव्हतं. ज्या बायका त्यांना अर्धवट म्हणायच्या, त्याच दाराशी येऊन विचारू लागल्या, "बाई, उद्या येता का?" त्या फटकळपणे म्हणत, "येतो. पण मांगून मले शिकवू नको." पंचवीस वर्षं त्यांनी अर्धं गाव जेवू घातलं.

परवा मी बाजूला बसले. सासूबाई कधीच्या गेल्या. घरात दुसरी बाई नाही. आमचे हे पिठाची परात घेऊन चुलीपुढे उभे, पुरते बावचळलेले. "आता वं?" म्हणाले. मला हसू आलं, मग रडूच फुटलं. ह्यांची बहीण भरल्या बायकांत खरं बोलली, आणि मला माझ्याच चुलीची भीती? मी उठले, हात धुतले, चूल पेटवली. ह्यांनी परात खाली ठेवली. भाकर टम्म फुगली. मी ती ह्यांच्या ताटात वाढली. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा मोडला.