पुढे ढकललेला तास

आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला होतो, तेव्हाची मार्चमधली रविवारची पहाट. जावई स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने तासभर पुढे ढकलला. "उन्हाळ्याची वेळ लागली, आई. एका तासाने काय होतंय?" ते हसत म्हणाले.

लेक हृदयरोग्यांच्या वॉर्डात नर्स आहे. डबा भरता भरता ती म्हणाली, "ह्या एका तासापायी हार्ट अटॅक वाढतात. उद्या आमच्याकडे जास्तीच्या खाटा तयार ठेवतात."

माहेरी घड्याळाला फक्त बाबा हात लावायचे, तोही किल्ली द्यायला. काट्यांना बोट लावायची आमची टाप नव्हती. इथे सरकार सांगतं आणि अख्खा देश आपल्या झोपेतला तास काढून देतो. तो कुणाच्या अंगातून निघतो, ते कुणी बघत नाही. खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. पाखरांना कुणी काही कळवलं नव्हतं.

आतल्या खोलीत हे जागे झाले. बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी बजावलंय, उठताना घाई करायची नाही. ह्यांनी पडल्या पडल्या दारातून घड्याळ पाहिलं.

"अगं, एवढा उशीर? उठवायचं नाही का?" म्हणत ते झटक्यात उभे राहिले, आणि त्यांचा हात छातीवर गेला.