गुप्त कपाटाची किल्ली

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे सगळ्यांना सांगत. पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून चार महिने लपवली होती, आणि ती नेमकी नको त्या वेळी अंगाशी आली.

तेव्हा आम्ही सोलापुरात विणकरांच्या गल्लीत राहायचो. दिवसभर मागांचा खटखटाट. नवी आले तेव्हा मी त्याला वैतागायचे, आणि आता तो नाही तर घर सुनं वाटतं. हे कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांना गुप्त कागदांच्या कपाटावर नेमायचं घाटत होतं. पगार वाढणार होता, मानही. त्याआधी एक कागद भरून द्यायचा होता, त्यात विचारलं होतं, घरात कुणाचं देणं आहे का? ह्यांनी ‘नाही’ लिहून सही केली आणि मला म्हणाले, “देणं असलं तर एक वेळ चालतं. लपवलेलं चालत नाही. लपवणाऱ्याला कुणीही धाक घालतो आणि हवा तो कागद काढून नेतो.”

मी भाकरी थापत होते. हात थांबला, तोंड मात्र उघडलं नाही.

माहेरी, करकंबला, माझी आई आजारी होती. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारी बाई ती, जावयाचा पैसा कुठली घेणार? म्हणून मी शेजारच्या तेलुगू विणकरणीकडून वीस रुपये उसने घेऊन औषधाला धाडले होते. रोज दुपारी तिच्याकडे बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि ते फेडायचे. कारकुनाची बायको कांड्या भरते हे कचेरीत कळलं तर ह्यांची मान खाली जाईल, म्हणून गप्प होते. बारा रुपये राहिले होते.

चार दिवसांनी पोलीस जमादार गल्लीत ह्यांच्या चौकशीला आला. हे कचेरीत गेलेले. चौकशीला कुणी आलं की शेजाऱ्याचं चांगलंच सांगायचं, ही आमच्या गल्लीची रीत. शेजारीण उंबऱ्यावर येऊन ठसक्यात म्हणाली, “त्यास्नी कुणाचं देणं न्हाय की. लई सरळ मानूस हाय.”

ती मायेनंच बोलली. पण मी दाराआडून ऐकत होते. ह्यांच्या सहीचा कागद आधीच खोटा, त्यात ही साक्ष. मी पदर सावरून बाहेर आले. परक्या पुरुषाशी असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

“मी हिचे बारा रुपये देणं लागते. ह्यांना ठाऊक नाही. लिहून घ्या.”

“येडी का काय तू?” शेजारीण पुटपुटली. जमादारानं लिहून घेतलं.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. कपाट तर गेलंच, आहे ती नोकरी राहिली तरी पुष्कळ, असं वाटून माझं रडू थांबेना. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग विचारलं, “तुझ्या आईला आता कसं आहे?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद दिला. साहेबानं दोन्ही समोर ठेवून विचारलं, खरा कोणता? “दुसरा,” हे म्हणाले, “पहिला लिहिला तेव्हा मला माझ्याच घरातलं ठाऊक नव्हतं.” महिन्याभरानं हुकूम आला आणि किल्ली ह्यांच्या कमरेला लागली. राहिलेले रुपये मी कांड्या भरूनच फेडले, पण उघड्या दारानं.

एकदा न राहवून विचारलं, “त्या कपाटात असतं तरी काय हो?”

हे हसले. “तुला सांगू? म्हणजे जमादार आला की तू दारात जाऊन सांगशील.”

कपाटात काय होतं ते मला अजून माहीत नाही. त्यांना न सांगितलेलं मात्र माझ्याकडे पुढे काही उरलं नव्हतं. आता ते गेल्यापासून रोज काही ना काही साठत जातं.