पाठ खिडकीकडे

प्रवाशांची फेरी सुरू व्हायच्या आधी, जुन्या चर्चच्या पायरीवरच, आफ्के लोकांना दम देऊन टाकायची.

"खिडक्या आल्या की चालत राहायचं. मी थांबले तरच थांबायचं. थांबलात की पाठ खिडकीकडे आणि तोंड माझ्याकडे. बघायलाच आलात ना? मग मला बघा. मीही काही अगदीच वाईट नाही."

लोक हसायचे. हसले म्हणजे निम्मे ताब्यात आले, हे तिला अनुभवानं माहीत होतं. साठीला टेकलेली, उंच, बारा महिने अंगावर तोच पावसाळी कोट आणि आवाज शाळेच्या मैदानावरचा. पाठ फिरवायचा नियम पुढे अॅमस्टरडॅमच्या महापालिकेनं सगळ्याच गाइडांना लावला, पण आफ्केच्या फेरीत तो पहिल्या दिवसापासून होता.

तिचा जन्मच चर्चमागच्या गल्लीतला. आई, मीन, लाँड्री चालवायची. काचेमागे बसून धंदा करणाऱ्या बायकांचे टॉवेल आणि चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. शाळा सुटली की आफ्के बाळाच्या जुन्या ढकलगाडीत घड्यांचे गठ्ठे रचून दारोदार पोचवायची. "टॉवेल द्यायचा, नाव विचारायचं नाही. पडदा ओढलेला दिसला तर दारात ठेवून परत फिरायचं," एवढं मीननं बजावलेलं होतं. बायका तिच्या हातावर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या ठेवत. एकीनं तर तिला भागाकार शिकवला होता, गिऱ्हाईक येईपर्यंत.

लग्न झालं ते सायकलदुरुस्तीवाल्या योस्टशी. त्याला बाग हवी होती. "इथं दारात कुंडी ठेवावी तर सकाळी कोणीतरी तिच्यात मुतून गेलेलं असतं," तो म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शेवटी तो शहराबाहेर राहायला गेला. आफ्केनं कुंडी बदलली, गल्ली बदलली नाही.

आई गेली. टॉवेल न्यायला मोठ्या कारखान्यांच्या गाड्या यायला लागल्या, लाँड्रीला कुलूप लागलं. गल्लीत आता प्रवाशांचे कळप फिरायचे. एकदा एका गाइडनं छत्रीचं टोक काचेला लावून आतली बाई लोकांना दाखवली, बाजारात मासळी दाखवावी तशी. आफ्के खरेदीची पिशवी घेऊन तिथंच उभी होती. तिनं ती छत्री त्याच्या हातातून काढून घेतली, मिटली, परत दिली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. माणसं येणारच असतील तर निदान रांगेत आणि शहाण्यासारखी चालवीन, असं म्हणून तिनं स्वतःच परवाना काढला.

लोकांची पाठ खिडक्यांकडे, म्हणजे आफ्केचं तोंड खिडक्यांकडे. त्यामुळे आतल्या बायकांशी रोज नजरानजर व्हायची ती तिचीच. इल्दिकोशी जरा जास्तच. ही हंगेरीची, चाळिशीच्या अलीकडची. लोकांच्या पाठीमागे ती टक्कल पडलेल्याचं डोकं चमकवल्यासारखं करायची, कधी आफ्केच्या हातवाऱ्यांची नक्कल करायची, आणि आफ्केला चर्चचा इतिहास सांगता सांगता ओठ चावावे लागायचे. इल्दिकोचा मुलगा गेर्गो देब्रेत्सेनजवळच्या गावात आजीपाशी वाढत होता. आई हॉलंडमध्ये फुलांच्या गोदामात आहे, एवढंच त्याला माहीत. एकदा कॉफी पिताना तिनं हे सांगितलं आणि वर म्हणाली, "नशीब, पोराला फुलांची नावं विचारायची अक्कल नाही."

मार्चमधल्या एका वाऱ्याच्या दुपारी आफ्केच्या वाट्याला हंगेरीचीच मंडळी आली. औषधाच्या दुकानांतून निवृत्त झालेले बाप्ये आणि बाया, बसनं युरोप बघायला निघालेले. गिझेला नावाच्या, पांढऱ्या केसांच्या ठेंगण्याठुसक्या बाईला इंग्रजी येत होतं. आफ्केचं बोलणं ती आपल्या भाषेत करून सांगायची आणि मध्येच कोणाची मान वळली तर आफ्केच्या आधी तीच ओरडायची.

"टिबोर! तोंड पुढे!"

"मान आखडलीय गं माझी."

"मग आखडू दे तशीच. घरी बायकोला सांगेन, फार चांगला वागला म्हणून."

पुलावर पोचल्यावर गिझेलानं फोन पुढे केला. "एक फोटो काढा ना आमचा. सगळे एकत्र असे कुठल्या फोटोत आलोच नाही बघा."

फोटोसाठी आफ्केची एक जागा ठरलेली होती. पुलाच्या कठड्याला टेकून उभं राहायचं. मागे कोपऱ्यावरची ती खिडकी यायची जिला हिवाळाभर भाडेकरू नव्हता आणि जिचा पडदा कायम ओढलेला. तिनं नेहमीसारखं सगळ्यांना तिथं उभं केलं. फोनच्या काचेवर ऊन पडत होतं, डोळे किलकिले करून तिनं बटण दाबलं आणि फोन परत दिला. नव्या बाजारापाशी फेरी संपली. मंडळी हेरिंग मासे खायला गेली. त्यांची बस स्टेशनमागे नदीकाठी उभी होती.

आफ्के घराकडे वळली तर इल्दिको अंगावर कोट टाकून कोपऱ्यावरच्या दारात उभी.

"तू इथं काय करतेस?"

"माझ्या खोलीतला हीटर गेलाय. मालकानं आजच्या दिवस ही दिली. आफ्के, तू फोटो काढलास."

"तो पुलावरचा? अगं, तिथं तर..." आफ्केची नजर आत गेली. दारातून आत पडदा दिसत होता, बाजूला सारून दोरीनं बांधलेला.

"मी पडदा उघडायला आणि तू फोन उचलायला एकच गाठ पडली. तुझ्याकडे बघून हात केला मी. नंतर ती माणसं बोलायला लागली तेव्हा कळलं. आफ्के, आमच्याच बोलीत बोलत होती. देब्रेत्सेनची!" इल्दिकोचा आवाज चिरका झाला होता. "दुसऱ्या कोणी काढला असता ना, तर फोन हिसकावून कालव्यात फेकला असता मी. पण तू होतीस. म्हणून नुसती बघत बसले बावळटासारखी."

आफ्केनं माफी मागितली नाही. मागण्यात वेळ गेला असता. "पडदा ओढ," ती म्हणाली आणि सायकल काढली.

वारा समोरून होता. पायडल मारताना तिचं डोकं मात्र धडाधड चालत होतं. गिझेलाच्या फोनला परदेशात इंटरनेट नव्हतं. हॉटेलवर गेल्यावर सगळ्यांना फोटो पाठवते, असं तिनं आफ्केच्या समोरच म्हटलं होतं. म्हणजे बस सुटायच्या आत गाठायला हवं. पण गाठून सांगायचं काय? फोटोत मागे एक बाई आलीय, तेवढा पुसा, म्हटलं की सगळ्यांच्या माना त्या फोटोवर वाकणार. आजवर ज्या माना ती वळवून धरत आली, त्याच. आणि त्यातली एखादी म्हणणार, थांबा, ही तर अमक्याची मुलगी!

बस उभी होती. दार उघडंच होतं आणि आतून कांद्याचा वास येत होता. आफ्के धापा टाकत चढली.

"अरे वा, गाइडबाई आल्या!" गिझेला म्हणाली. टिबोर आपल्या भाषेत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. "तो म्हणतो, मान वळवली म्हणून पकडायला आल्यात," गिझेलानं सांगितलं.

"तुमचा फोटो बिघडलाय," आफ्के म्हणाली. "माझ्याच हातून. पुसून टाका, मी इथं नदीवर दुसरा काढून देते. सगळे खाली उतरा."

"बिघडलाय? मला तर छान वाटला."

"नाही. वाईट आलाय."

"आता काही कोणी उतरत नाही हो. गुडघे दुखतायत लोकांचे. असू दे तसाच."

"असू द्यायचा नाही," आफ्के म्हणाली. आवाज तिनं वाढवला नाही, पण ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. "बाई, पाठ खिडकीकडे, म्हणजे काचेआड कोणी बघायचं नाही, हा नियम माझा. आज तो मीच मोडला. फोटो पुसल्याशिवाय मी या बसमधून उतरणार नाही. न्या मला हंगेरीला."

पुन्हा हशा पिकला. गिझेला हसली नाही. तिनं चष्मा लावला, फोन उघडला, आणि आफ्केला नको होतं तेच केलं. दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकेक चेहरा मागे टाकत ती काचेपर्यंत पोचली आणि थांबली. काचेमागची बाई हात वर करून हसत होती, ओळखीच्या माणसाला बघून हसावं तशी.

"काय गं, माझे डोळे मिटलेत का?" मागून टिबोर उठायला लागला. गिझेलानं फोन छातीशी धरला.

"आमच्याकडची आहे?" तिनं हळूच इंग्रजीत विचारलं.

"नाही," आफ्के म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गिझेलानं फोन तिच्यासमोर धरून फोटो पुसला. मग पुसलेले फोटो जिथं साठतात तिथं जाऊन तिथूनही काढला. मागे वळून तिनं आपल्या भाषेत काहीतरी ठणकावलं. बसमधून निराशेचा सूर आला.

"काय सांगितलंत?"

"माझं अर्धं डोकं कापलं गेलं होतं म्हटलं. मी असल्या फोटोत राहत नाही." तिनं आफ्केच्या कोटाची बाही धरली. "माझी एक भाचीही अशीच परदेशात आहे, ती..." आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं. "जा तुम्ही. नदीवर फोटो नको."

इल्दिकोनं पडद्याच्या फटीतून पाहून दार उघडलं.

"पुसला. माझ्यासमोर. कुठेच राहिलेला नाही."

"कोणी पाहिलं?"

आफ्केला नाही म्हणता आलं असतं. "एका बाईनं. तिनं विचारलं, आमच्याकडची का. मी नाही म्हटलं. तिला काय कळायचं ते कळलं. पण बोलणार नाही ती."

इल्दिको पलंगाच्या कडेवर बसली. नखाचा रंग खरवडत ती म्हणाली, "मी तुला कधी म्हटलं नाही. पाठ फिरवलेली माणसंसुद्धा माणसंच असतात, आफ्के. काचेपलीकडे वीस पाठी उभ्या राहिल्या की मला काही दिसत नाही. ना गिऱ्हाईक, ना ऊन."

"मग इतकी वर्षं हसत कशाला होतीस?"

"तू चांगली आहेस म्हणून."

आफ्के दारातच उभी राहिली. तिथूनच तिनं फेऱ्यांच्या ऑफिसात फोन लावला. "रुबेन, उद्यापासून माझ्या फेरीचा रस्ता बदलला. खिडक्यांची गल्ली नाही."

पलीकडून रुबेन बराच बोलत होता. लोक येतात ते खिडक्यांसाठीच, नुसतं चर्चच बघायचं तर शहरात काय चर्चं कमी आहेत, आणि तुझ्या फेरीला आठवडाभर एकही माणूस लागला नाही तर मी काय करू. आफ्केनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"झालं?" तिनं विचारलं. "मग लिहून घे. चर्चच्या दारातून डावीकडे."